लाडक्याचा हात, भिकाजीचा घण

किस्से जमवावे लागत नाहीत. एक्स्कॅव्हेटरच्या चेनमध्ये चिखल बसतो तसे ते आपोआप बसतात आणि खरवडायला घेतले की संपतच नाहीत! सिल्वासाच्या सरकारी वर्कशॉपात मी चिपळूणहून स्टोअरकीपर म्हणून गेलो, ते साठच्या दशकात. खोदकामाचं मोठं मशीन आमच्याकडे एकच. रस्त्याची सगळी कामं त्याच्यावर, आणि ते ज्यांच्यावर चालायचं त्या दोन लोखंडी चेन म्हणजे आमच्या डोक्याला रोजचा ताप.

*

आमचे इंजिनियरसाहेब मुंबईचे, नवे कोरे. मसाटच्या वाटेवर चेन चाकावरून उतरली तसे भडकले. "एवढी सैल? आवळा!"

"थोडी लोंबायला हवी, साहेब," भिकाजी म्हणाला. भिकाजी आमचा घणवाला, धुळ्याकडचा. पण साहेब कसले ऐकतात! आवळली. मशीन फर्लांगभर गेलं, कण्हलं आणि जागच्या जागी थांबलं.

भिकाजी शांतपणे म्हणाला, "साहेब, जेवायला बसताना आपण नाडी सैल करतोच ना?"

साहेब स्वतः पाना घेऊन चिखलात बसले. तेव्हापासून मला तो माणूस आवडायला लागला.

*

चेनची कडी न् कडी पिनेने जोडलेली. पिन काढायची असो की बसवायची, एकाने तिच्यावर पंच, म्हणजे आखूड लोखंडी दांडा, हाताने धरायचा आणि दुसऱ्याने त्यावर घण घालायचा. पंच धरायचा लाडक्या, सामरवरणीचा वारली. प्रत्येक घावाआधी तो पंचावर खड्याने 'टिक' करायचा आणि घण खाली येताना खुशाल दुसरीकडेच बघत बसायचा!

मी विचारलं, "अरे, भीती नाही वाटत?"

"घण बघितला तर हात हलंल, भाऊसाहेब. हात हलला तर भिकाभाऊ चुकंल."

मी कोकणातला, तोंडाचा फटकळ. पण तेव्हा मीही घणाकडे पाठ करून उभा राहिलो.

*

एकदा साहेब स्टोअरच्या दारात उभे होते. भिकाजी आला, त्यांच्या पाठीवर दणकून थाप मारली आणि म्हणाला, "काढा तंबाखू, भाऊसाहेब! कंजूषपणा पुरे!"

आता बोला! साहेब सुपारीसुद्धा खात नसत; तंबाखू असायची माझ्याकडे. लाडक्या मागून ओरडला, "मस्करी करतो तो, साहेब!" साहेब हसले. मला काही हसू येईना. मी लाडक्याला बाजूला घेतलं.

"त्याला दिसत नाही ना रे?"

"धुरकट दिसतं. दोन वरसं झाली. खड्याचा आवाज ऐकून मारतो."

"बाबा रे, हाताचा चेंदा होईल तुझ्या!"

"घण काढून घेतला तर त्याचं काम जाईल, भाऊसाहेब. गावाला चार तोंडं खाणारी."

मी कोणाला सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवसापासून घणाचा आवाज आला की मी मोजणी सोडून दारात येऊन लाडक्याचा हात बघायचो.

*

मग मुंबईहून नवी चेन आली. जुनी उतरवली, नवी जमिनीवर अंथरली, मशीन तिच्यावर चढवलं, दोन्ही टोकं जुळवली. शेवटची पिन तेवढी ठोकायची राहिली. साहेब जवळच उभे. आणि त्याच दिवशी शेजारी खडी फोडायचं मशीन धडधडत होतं. लाडक्याने 'टिक' केलं, ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.

भिकाजीने घण उचलला. तसाच धरून उभा राहिला. मग हळूच खाली ठेवला.

"साहेब, मला दिसत नाही."

साहेब लाडक्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

साहेबांनी लाडक्याचा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "आता घण कोण घालणार?"

भिकाजीने घण लाडक्याच्या हातात दिला. स्वतः खाली बसला आणि चाचपडत पंच पिनेवर टेकवून धरला. "धरायला डोळे कशाला लागतात, साहेब?"

लाडक्याने घण डोक्यावर नेला. दोन वर्षं घणाकडे न बघणारा तो आता भिकाजीच्या बोटांवरून नजर काढेना.

"भिकाभाऊ, हात काढ. मला भीती वाटते!"

"आता कळलं, दोन वर्षं माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते?" भिकाजी म्हणाला. "घाल!"