मिल्ड्रेडच्या तोंडी न येणारं नाव

मिल्ड्रेड आमची दुबईतल्या अल कुसैसची शेजारीण. मूळची वसईची. इथल्या एका हॉटेलात युनिफॉर्म शिवते आणि त्यांवर नावं भरते. माझ्या रोनितच्या वेळी आईला येता आलं नाही, तेव्हा माझं बाळंतपण हिनेच काढलं. ते उपकार मी विसरले तर माझ्यासारखी करंटी मीच.

जगाची नावं भरणाऱ्या या बाईने नवऱ्याचं नाव मात्र कधी घेतलं नाही. हेन्री होते तेव्हाही ‘हेझलचे पपा’, आणि दोन वर्षांपूर्वी गेले तरी ‘हेझलचे पपा’च.

“अगं, आमच्यात निदान उखाण्यात तरी घेतात,” मी चिडवायची.

“माझ्या सासूनेही कधी घेतलं नाही,” ती हसून म्हणायची.

हेझलने, म्हणजे तिच्या मुलीने, लग्न केलं ते एतियेनशी. हा कॅनडातल्या क्वेबेकचा, फ्रेंच बोलणाऱ्या घरातला. स्वभावाने गरीब, पण पूर्वज शोधायचं भारी वेड. मिल्ड्रेडच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी दाखवत बसायचा. पणजोबा जोसेफ, त्यांचे वडील जोसेफ, त्यांचेही वडील जोसेफ.

हेझलला मुलगा झाला. बाळंतपण जिवावरचं होतं. आता दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मिल्ड्रेडकडची रीत अशी, की पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. दुसरा तर आता होणारच नव्हता. म्हणजे हेन्रींचं नाव तिथेच संपलं.

“जावयाला सांग ना. तोंडाला कुलूप लावलंय का?” मी तडकले.

“नको, अर्चना. पहिला हक्क त्यांचा. रीत म्हणजे रीत. खलास.”

व्याह्यांना सगळे मार्सेल म्हणत, पण ते घरातलं लाडाचं नाव असणार, असं हिने धरलं. घराणंच जोसेफांचं. म्हणून बाप्तिस्म्याच्या झबल्यावर तिने पांढऱ्या रेशमाने सुबक ‘जोसेफ’ भरलं. भरताना दोनदा उसवलं. एरवी तिचा टाका कधी चुकत नाही.

नाव मोठ्यांनी ठरवायचं म्हणून सगळे मार्सेलची वाट पाहत होते. ते बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आले, झबलं पाहिलं आणि पोट धरून हसले. त्यांचं फ्रेंच एतियेन इंग्रजीत सांगत होता.

“आमच्या गावात चर्चमध्ये प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी. त्यापुढे प्रत्येकाचं हाक मारायचं वेगळं नाव. मी जोसेफ, माझे भाऊ जोसेफ, आमचा न्हावीसुद्धा जोसेफ. पण त्या नावाने आम्हाला जेवायला कोणी बोलावलं नाही. तुमच्याकडे कशी रीत?”

मिल्ड्रेड चहाचे कप गोळा करू लागली. मला कुठलं राहवतंय? मी सगळं सांगून टाकलं, हेन्रींसकट.

मार्सेलनी झबल्यावरच्या ‘जोसेफ’वरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “यांनी माझं नाव राखायला आपल्या नवऱ्याचं सोडलं. जोसेफ राहू दे, ते सगळ्यांचंच आहे. हाक मारायचं नाव यांच्या घरचं.”

“पण पहिला हक्क तुमचा,” मिल्ड्रेड पुटपुटली.

“तोच तुम्हाला देतोय.”

मिल्ड्रेडने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओक्साबोक्शी रडली. परक्या मुलखातल्या त्या म्हाताऱ्याला मीही मनोमन हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये फादरने विचारलं, बाळाचं नाव काय? उत्तर आईबापांनी द्यायचं. हेझलने बाळ आईच्या हातात दिलं.

“मम्मी, यू से इट.”

मिल्ड्रेडचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. फादर थांबले.

“जोसेफ,” ती म्हणाली. मग मान वर करून स्पष्ट म्हणाली, “हेन्री.”

हेझल हल्ली कामाला जाते, बाळ आजीकडे असतं. दुपारी भिंतीपलीकडून आवाज येतो. “हेन्री, दूध पी. हेन्री, रडू नको. हेन्री, आता झोप रे.” मी आमच्या टीव्हीचा आवाज कमी करते.