पंचांसमक्ष

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — आणि आधीच बजावते, मला समजून वगैरे घेऊ नका.

सोलापुरात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात क्लार्क आहे मी. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी पोलीस आले, झडतीला सरकारी पंच हवेत म्हणाले. मेहबूब म्हणून एकजण पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा. त्याच्या दुकानात देशाविरुद्धची पत्रकं आहेत अशी खबर होती. पंचाचं काम काय? झडती चालू असताना तिथं उभं राहायचं, काय कुठं सापडलं ते डोळ्यांनी बघायचं, मग सही. एवढंच!

बोळात जीप जाईना. पोलिसांचे साहेब म्हणाले, "ऊन लई हाय ताई, तुमी बसा की गाडीतच." बसले. अर्ध्या तासानं ते एक पिशवी घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं — 'पंचांसमक्ष माळ्यावरून जप्त'. केली सही. पिशवी खरंच माळ्यावर होती? की बाहेरून आत नेली? मला काय माहीत! मी उसाचा रस पीत होते.

त्याला देशविरोधी कारवायांचा कायदा लावला; त्यात जामीन सहजी मिळत नाही. मेहबूब अजून आत आहे.

थांबा — एवढ्यावर संपत नाही. त्याची बायको शबाना नळाची तक्रार घेऊन माझ्याच टेबलाशी येते. केसच्या कागदांत माझं नाव झाकलेलं — माझ्या सुरक्षेसाठी, ऐकताय ना? — त्यामुळं तिला पत्ताच नाही. चार वर्षांपूर्वी एकदा समोर बसून रडली. "मॅडम, ते म्हणतात पिशवी माझी नव्हे. पण सरकारी माणूस खोटी सही कशाला करंल?" त्यानंतर तिनं भेटीला जाणं सोडलं. पोरीलाही बापाकडं नेईना. आणि मी? पाणी दिलं तिला प्यायला. तिचा अर्ज गठ्ठ्यात वर ठेवला. तोंड उघडलं नाही — चार वर्षं!

देशासाठी कायदा कडकच पाहिजे, असं घरीदारी सगळे म्हणतात. असू दे की कडक! म्हणून तर पंच लागतो ना? मला गाडीत बस असं कुठल्या कायद्यानं सांगितलं होतं? भीती होती, हो — नोकरीची, साहेबांची. पण पहिल्या दिवशी तर भीतीही नव्हती. नुसता आळस होता.

आता साक्षीचं समन्स आलंय. सरकारी वकील म्हणाले, "फक्त 'हो' म्हणा, बाकी आम्ही बघतो." नाही म्हणणार 'हो'. गाडीत बसले होते, तेच सांगणार. गुन्हा दाखल करायचाय? करा. नोकरी घ्यायचीय? घ्या.

तारीख सोमवारी आहे. शबानाला हे कोर्टात कळायला नको, म्हणून उद्या तिच्या दारात जाणार. नवरा निर्दोष आहे असं मी सांगू शकत नाही — मी काही बघितलंच नाही. एवढंच सांगेन : ती सही माझी. तू नवऱ्याचं सोडून माझं खरं मानलंस, शबाना.