मुद्दाम बिघडवलेला कार्बोरेटर

जेटकाकांच्या जागेला कारखाना म्हणणं जरा जास्तच झालं. घराला लागून एक खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरा इनॅमलचा ट्रे आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांत खणाखणांतून ठेवलेले पितळी भाग. पेट्रोलचा वास भिंतींत असा मुरलेला की काकांची मुलगी लहान असताना शाळेतल्या पोरी तिच्याशेजारी बसताना नाक मुरडायच्या. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर उघडायचे, धुवायचे आणि ड्रॅगच्या शर्यतीसाठी जुळवून द्यायचे, हा काकांचा धंदा. गावाबाहेर बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी होती, तिथं या शर्यती होत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायच्या, आणि बघणाऱ्याचा पाण्याचा घोट घशाखाली उतरेपर्यंत निकाल लागलेला असायचा.

तेवढ्या वेळात इंजिनाला हवेबरोबर पेट्रोल किती मिळणार, हे कार्बोरेटर ठरवतो. जेट नावाच्या पितळी तुकड्याला बारीक भोक असतं, पेट्रोल त्यातून येतं. काका चिमटीत ड्रिल धरून ते भोक वाढवत, भिंगातून बघत, पुन्हा अलगद फिरवत. धंदा काय करता म्हणून कुणी विचारलं की म्हणत, "भोकं विकतो."

जावई आधी त्यांचं गिऱ्हाईक होता. छापखान्यात मशिनवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हवा ओढणाऱ्या चार गळ्यांचा जुना कार्बोरेटर बगलेत मारून यायचा. कार्बोरेटर टेबलावर असायचा आणि याची नजर आतल्या दारावर. काकांना सगळं कळत होतं. एकाच कार्बोरेटरला इतक्या वेळा काही होत नसतं. लग्नानंतर काका त्याला अहोजाहो करायला लागले तेव्हा तो म्हणाला, "काका, असं नका करू. मला वाटतं तुम्ही जास्त पैसे लावणार." तेव्हापासून पुन्हा अरेतुरे सुरू झालं.

गेल्या मोसमात त्याच्या शेजारच्या पट्टीवरची गाडी उलटली. मुलगी तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी होती. गाडीचा पत्रा कापून माणूस बाहेर काढताना तिनं बघितला. त्यानंतर शर्यतीचा दिवस आला की तिला अन्न जात नसे. नवऱ्याला सांगून झालं, भांडून झालं. तो म्हणायचा, "त्याची चूक झाली होती. माझी गाडी काकांच्या हातची आहे."

एका दुपारी ती काकांसमोर स्टुलावर येऊन बसली.

"बाबा, त्याला मी थांबवू शकत नाही. तुम्ही थांबवू शकता."

"मी काय सांगणार त्याला?"

"सांगू नका. गाडी हळू करा. सारखा हरला की आपोआप कंटाळेल."

"अगं, लोक माझ्याकडे गाडी पळवायला येतात."

"माहितीये." मग तिनं मान खाली घातली. "तरी पण मागतेय."

काकांनी आयुष्यात कुणाचं काम जाणूनबुजून वाकडं केलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी तो कार्बोरेटर ट्रेमध्ये नुसता ठेवला. पेट्रोल कमी करून गाडी बिघडवणं सोपं होतं, पण उपाशी इंजिन आतून तापतं आणि पिस्टन वितळतो. पट्टीवर भर वेगात तसं झालं तर गाडी हातात राहत नाही. म्हणून त्यांनी उलटं केलं. भोकं हवी त्यापेक्षा मोठी केली, सुटताना पेट्रोलची पिचकारी मारणारा पंपही मुद्दाम जास्त मारेल असा लावला. इंजिनाला अजीर्ण होईल, जीव जाणार नाही. जावई कार्बोरेटर न्यायला आला, नेहमीसारखा हसला, चहा प्यायला. काकांना त्याच्याकडे धड बघवेना.

गाडी सुटताना घुटमळायची आणि मागून काळा धूर ओकायची. जावई हरत गेला. काका दर वेळी म्हणत, "बघू या, थोडं बदलून बघू या." मुलीच्या तोंडावर जरा रंग आला. पण जावई कंटाळला नाही. तो काकांना कंटाळला. एकदा दारातूनच म्हणाला, "काका, तुम्ही जरा आराम करा आता," आणि कार्बोरेटर घेऊन गेला तो दुसऱ्या कारागिराकडे.

गाडी एकदम पळायला लागली. हे मुलीकडून ऐकलं तेव्हा काकांना शंका आली की त्या कारागिरानं पेट्रोल फारच कमी केलं असणार. पुढच्या शर्यतीला ते स्वतः पट्टीवर गेले.

जावई नुकताच सरावाची फेरी मारून आला होता. बॉनेट उघडं होतं, इंजिनातले प्लग काढून फडक्यावर मांडले होते, आणि नवा कारागीर गाडीला टेकून उभा होता. काकांनी न विचारता एक प्लग उचलला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं होतं. त्यावर चांदीच्या भुकटीसारखे बारीक कण चिकटले होते.

"ही फेरी घेऊ नकोस," काका म्हणाले.

"का?"

"इंजिन उपाशी पळतंय. हे कण पिस्टनचे आहेत. आतून वितळायला लागलाय तो."

"उन्हात होतं असं," नवा कारागीर म्हणाला.

जावयानं प्लग काकांच्या हातातून घेतला. "काका, तुमच्या नजरेवर विसंबून मी मोसम घालवला. नजर गेलीय तुमची. मला बोलायचं नव्हतं, तुम्ही बोलायला लावताय."

"नजर चांगली आहे. तुझी गाडी मीच बिघडवली होती."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"कशासाठी?"

"मला भीती वाटत होती," काका म्हणाले. एवढ्यावर निभावेल असं त्यांना वाटलं. पण मुलगी कुंपणापाशीच होती. ती लेकीला घेऊन पुढं आली.

"त्यांना मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

नवा कारागीर फडक्याला हात पुसत कुठंतरी निघून गेला. जावयानं प्लग एकेक करून परत बसवले, बॉनेट दोन्ही हातांनी हळूच दाबून बंद केलं आणि गाडी ट्रेलरवर चढवली. घरी परतताना ट्रेलर ओढणाऱ्या एकाच ट्रकमध्ये सगळे अंगाला अंग लावून बसले होते. नात काकांच्या मांडीवर झोपली. तेवढं एक बरं झालं, कारण तिच्याकडे बघत बसता आलं.

जावयानं इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली. ही बातमी मुलीनंच आणली. स्टुलावर न बसता ती उभ्यानंच बोलली.

"फेरी थांबवायची होती ना? मग बाकीचं कशाला बोललात?"

"त्याशिवाय ऐकलं नसतं त्यानं."

"आता तो मला विचारतो, अजून काय काय लपवलंस. मी बाहेर निघाले की कुठं चाललीस विचारतो. पूर्वी कधी विचारत नव्हता. तुम्ही त्याला वाचवलंत, बाबा. मला कळतंय. पण माझ्या घरात आता कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही."



बऱ्याच आठवड्यांनी जावई कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. "नीट करून द्या," एवढंच म्हणाला, आणि खुर्ची ओढून समोर बसला. काकांनी नवे जेट घेतले, नव्यानं भोकं पाडली. प्रत्येक जेट झाला की जावई हात पुढं करायचा. काका तो त्याच्या तळहातावर ठेवायचे, भिंगही द्यायचे. तो उजेडात धरून बघायचा आणि मगच परत करायचा. पूर्वी या वेळात तो छापखान्यातले किस्से सांगायचा.

"चहा टाकू?" काकांनी विचारलं.

"नको. हे होऊ दे."

गाडी पुन्हा चांगली पळू लागली. मुलगी मात्र पट्टीवर जायची बंद झाली. शर्यतीच्या दिवशी ती लेकीला घेऊन काकांच्या खोलीत येते, ट्रेकडे पाठ करून बसते आणि मांडीवर फोन ठेवते. काका हातातलं काम बाजूला सारतात. शर्यत संपल्याचा नवऱ्याचा फोन आला की ती ऐकते, "बरं" म्हणते आणि ठेवते. मग लेकीच्या पायात बूट चढवते. दारापर्यंत पोचवायला काका उठतात, तेव्हा ती म्हणते, "बसा तुम्ही, जाते मी."