तीन हातांचा चार्दाश

सुलेखा राजवाडे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला सांगलीहून जर्मनीत कोलोनला आली ती सत्तावन्न साली. वडील संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे अक्षरओळख होण्याआधीच तिची बोटं पट्ट्यांवर फिरू लागली होती. भाड्याची खोली मिळाली तीही नेमकी पियानो असलेल्या घरात!

पियानो घरमालकिणीचा, पण वाजवायची शेजारच्या खोलीतली इलोना. आदल्या वर्षी हंगेरीत, बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हा ही पियानोशिक्षिका नेसत्या कपड्यांनिशी पळाली होती. सीमेवरच्या काटेरी तारेत डावा हात फाटला आणि बोटं आखडली ती कायमची. रोज दुपारी ती नुसत्या उजव्या हाताने एकच रचना वाजवायची आणि एका ठराविक जागी थांबायची. सुलेखाचा जीव टांगणीला लागायचा.

एकदा तिला राहवलंच नाही. ती तडक दिवाणखान्यात शिरली.

"पुढे का नाही वाजवत?"

"पुढे डावा हात लागतो," इलोना म्हणाली. "हा चार्दाश आहे. आमच्या खेड्यांतला नाच. आधी संथ, मग असा सुसाट की घागरे गरगरतात."

"म्हणजे विलंबित झालं, द्रुत राहिलं! सरका, मी बसते डावीकडे."

सुलेखाचा डावा हात आजवर शांतपणे सूर धरून ठेवणारा. इथे त्याला खालच्या पट्टीवरून वर उड्या मारायच्या होत्या. कोपरं आपटली, ताल चुकले, घरमालकीण दारात येऊन डोळे वटारून गेली. पण एके दिवशी चार ओळी सलग जमल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर!" इलोना ओरडली. दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या.

हे कळलं यशवंत आठल्येला. तो विद्यापीठात भौतिकशास्त्राचा संशोधक, परदेशी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी समारंभाची धावपळ त्याच्याकडे. त्याने न विचारताच दोघींची नावं छापून टाकली.

"अहो, ही एकट्याने वाजवायची रचना आहे!" सुलेखा चिडली.

"मग एका माणसासारख्या वाजवा की, सुलेखाताई!"

सभागृह खच्चून भरलं होतं. एकाच बाकावर दोघी खेटून बसल्या. संथ भाग छान गेला. द्रुत सुरू झालं आणि उत्साहाच्या भरात सुलेखाने लय भलतीच चढी धरली. आता?

"मागे फिरू नकोस, पळव!" इलोना कानाशी ओरडली.

मग काय, दोघी सुटल्याच! पियानो थरथरायला लागला, लोक पायांनी ठेका देऊ लागले, मागच्या रांगेतली पोरं खुर्च्या सारून नाचायला लागली. शेवटचा सूर टाळ्यांत बुडून गेला. इलोना मोठमोठ्याने हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गर्दीतून एक बाई पुढे आली. "माझ्या मुलीला शिकवाल?"

इलोनाने आखडलेला हात पुढे केला.

"तो पाहूनच विचारते आहे," बाई म्हणाली.

त्या मुलीमागोमाग आणखी मुलं आली. इलोनाचं बस्तान बसलं. सुलेखाने डॉक्टरेट मिळवली, कोलोनमध्येच रंगांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि रविवारी इलोनाकडे उजव्या हाताचे धडे घेऊ लागली; चार्दाशला तिसरा हात मिळाला. पासष्ट साली तिने आख्खा चार्दाश एकटीने, भरल्या सभागृहात वाजवला. टाळ्या थांबायच्या आधीच इलोना व्यासपीठावर चढली.

"मधे दोन सूर खाल्लेस," ती म्हणाली आणि तिने सुलेखाला कडकडून मिठी मारली.