दर सोमवारचं खोटं

मंगळवार पेठेत मौलालीचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजण्यात आणि गाद्या शिवण्यात पंचवीस वर्षं गेली. बायको वारल्यावर घरात तो आणि मुलगी तमन्ना, दोघंच. मौलालीला एचआयव्ही आहे, हे तमन्नाला माहीत नव्हतं. सहा वर्षं तो सरकारी उपचार केंद्रातून दर महिन्याला गोळ्या आणायचा आणि रोज एक घ्यायचा. दर सोमवारी केंद्रातून मोबाईलवर मेसेज यायचा : 'सगळं नेमानं चाललंय ना? हो असेल तर १ पाठवा, नसेल तर २.' आजाराचं नाव त्यात कधीच नसे. दोन पाठवलं की तिथल्या समुपदेशक संयोगिता मॅडमचा फोन यायचा. मौलालीनं कायम '१' पाठवला.

त्या हिवाळ्यात तमन्नाचं लग्न हातकणंगल्यात ठरलं. होणारा जावई शाहबाज औषधाच्या दुकानात कामाला. तो घरी येऊ-जाऊ लागला आणि मौलाली धास्तावला. बाटलीवरचं नाव वाचलं की त्याला सगळं कळणार. त्यानं बाटली दुकानात कापसाच्या गठ्ठ्यामागं लपवली. तिथं गिऱ्हाइकांची भीती. एक दिवस चुकला, मग आठवडा. अंगाला काही जाणवेना, तसा तो गोळ्या सोडूनच बसला. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजायचे, म्हणून महिन्याच्या गोळ्या गटारात ओतून रिकामी बाटली घेऊन जायचा. सोमवारी मात्र '१' पाठवायचा.

तिसऱ्या महिन्यात संयोगिता मॅडमनी त्याला थांबवून घेतलं. बाकावर कोडोलीची क्रांती बसली होती. तिशीतली, रडून डोळे सुजलेले. तिनं गोळ्या सोडल्या होत्या.

"मौलालीभाई, हिला तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही तुमचा."

मौलाली बोलला, "व्हय ताई. रोज घेतो मी. काय हुत न्हाय."

क्रांतीनं पदरानं डोळे पुसले. "तुमच्याकडं बघून धीर आला बघा."

वाटेत ओळखीच्या माणसानं हाक मारली, तर मौलालीला त्याच्याकडं बघवलं नाही. तरी पुढच्या सोमवारीही त्यानं '१' पाठवला.

दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू भरमसाट वाढले होते.

"तुम्ही तर नेमानं घेताय," मॅडम काळजीनं म्हणाल्या. "म्हणजे औषधच लागू पडेना. डॉक्टर बदलून द्यायचं म्हणतायत. तुमची काही चूक नाही हो."

हे शेवटचं वाक्य मौलालीला सोसलं नाही. "मॅडम, औषधाचा दोष न्हाय. पाच महिनं मी घेतलंच न्हाय."

"मग दोन का नाही पाठवलंत?"

"तुमचा फोन आला असता की. मग खरं बोलाय लागलं असतं."

मॅडम रागावल्या नाहीत. चष्मा काढून नुसत्या बसून राहिल्या. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण क्रांती त्याच्या डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायच्या तिच्या तारखेला तो सकाळपासून बाकावर बसून राहिला. ती आल्यावर म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी सोता गोळ्या टाकून देत हुतो."

"लाज न्हाय वाटली?" क्रांती भडकली. "तुमच्यावर इस्वास ठेवून मी चालू केल्या!"

"वाटती. म्हणून तर आलोय."

"आता घेताय का?"

"सत्तावीस दिवस झालं."

"मी तीन महिनं घेतल्या. एक चुकवली न्हाय," असं म्हणून ती रांगेत जाऊन उभी राहिली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

लग्नाआधी मौलालीनं तमन्नालाही सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना एवढंच म्हणाली, "अब्बा, मला परकी समजला?"

पुढच्या तपासणीत विषाणू पुन्हा खाली आले होते. मॅडमनी हसून रिपोर्ट दिला. मौलाली बाहेर आला, तर क्रांती कुणाशी तरी बोलत उभी होती. तिला रिपोर्टचं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण एकदा तिच्याशी खोटं बोलल्यावर पाय उचलला नाही. चपला घालून तो खालमानेनं जिना उतरला.