उघड मतदान

मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. माझा विषय ऐकला की आपली माणसं बुचकळ्यात पडतात: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका आणि तिथल्या गव्हर्नरच्या निवडणुका. "ते सिंगापुरात बसून?" एवढं मात्र हमखास विचारतात.

तेव्हा केंटकी राज्यात मतपत्रिका नव्हती. मतदार कचेरीत जायचा आणि गव्हर्नर म्हणून कोण हवा ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा. ऐकायला शेजारीपाजारी, सासरा, मेहुणे उभेच. सासऱ्याच्या माणसाविरुद्ध बोलून एखादा जावई घरी कोणत्या तोंडाने जात असेल, याचं मला फार कुतूहल. जेवताना हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरोबरच आहे की. लपवायचंय काय?" चांगी बिझनेस पार्कमध्ये मॅनेजर झालं की माणसाला असं बोलायला सुचतं.

इथल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष नेहमी बिनविरोध होतो. म्हणजे आधी फोनाफोनी करून बाकीच्यांना बसवायचं आणि सभेत टाळ्या वाजवायच्या. यंदा मात्र दोघं अडून बसली, माझा नवरा आणि माझी मैत्रीण. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा घेऊन येणारी हीच. मतदान कसं घ्यायचं असं मंडळात विचारलं तेव्हा नवऱ्यानेच सुचवलं, "हात वर करू या. सगळी घरचीच माणसं."

नवरा भला, पण गणपतीसाठी हॉल बुक करायचा राहिला तो त्याच्यामुळेच. मैत्रीण कामाला वाघ आहे. मंडळ कुणाच्या हातात द्यावं, यात मला शंका नव्हती. पण हे त्याच्यासमोर, चारचौघांत दाखवायचं म्हणजे कठीणच.

सभा आमच्या ओळखीच्यांच्या कॉन्डोत, म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये होती. आधी मैत्रिणीचं नाव पुकारलं. मी समोरच्या भिंतीकडे बघत हात वर केला. पुढच्या रांगेतल्या काकूंनी वळून आधी मला पाहिलं, मग नवऱ्याला. मैत्रीण निवडून आली. नवऱ्याने तिचं अभिनंदन केलं आणि खुर्च्या आवरायलाही थांबला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत शेजारी बसलो.

"रागावलास?" मी विचारलं. "ती खरंच चांगलं करेल रे."

"करेलच. मलाही माहितीये." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मत तिला दिलंस त्याचं काही नाही. मला वाटलं होतं, हात वर करण्याआधी एकदा माझ्याकडे बघशील."

"बघितलं असतं," मी म्हणाले, "तर हात वर झालाच नसता."