आकडा नसलेला जावई

राईस मिलच्या मागे भुसा साचतो, तसे किस्से साचतात. कोणी पेरत नाही. ढीग होतोच. मी चौथी शिकलो, पण गोरेगावच्या मिलचा वजनकाटा उभी हयात माझ्या हाती होता. सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं.

*

दोन हजार सालानंतर मिलमध्ये कॉम्प्युटर आला. सोबत प्रोग्राम लिहिणारी प्रज्ञा आली. तिच्या घरी दुसरा पगार नव्हता. शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं, "सीझनभर देखूंगा. मेरी नाक कटी, तो तू और तेरा डब्बा, दोनों बाहर!"

*

ओलावा सतरा टक्क्यांपेक्षा जास्त, तर धान परत, असा नियम. एकदा ओलावा मोजणाऱ्या मशीनची वायर निघाली आणि कॉम्प्युटरनं पाणी गळणारी पोती पास केली!

"काऊन सोडली व?" मी प्रज्ञाला विचारलं.

"काका, वायर निघाली की मशीन 'आकडा नाही' एवढंच कळवते. प्रोग्राम त्याला विचारते, सतरापेक्षा जास्त आहेस का? तो नाही म्हणते. म्हणून सोडली."

"कमी हाये का विचार."

"तरी नाहीच म्हणते."

"सतराएवढाच?"

"नाही. स्वतःएवढा आहेस का विचारलं, तरी नाही!"

"म्हणजे माहा धाकटा जावई!"

ती हसली. "आणि डेटाबेसमध्ये यादी लावली, की तोच सगळ्यांच्या वर बसते."

"मंग? जावयाचा पाट वरच रायते!"

*

प्रज्ञानं नियम सुधारून मला वाचून दाखवला. "जास्त नसेल असं नसेल, किंवा आकडा नसेल असं असेल, तर..." तेवढ्यात दोन ट्रॉल्या आत गेल्या!

मग तिनं सरळ लिहिलं. "आकडा आहे आणि तो सतरा किंवा कमी आहे, तर आत. नाही तर परत."

शेठ खूश. "ये तो मैं भी समझ गया!"

"म्हणूनच असं लिहिलं, शेठ."

*

एकदा धान भरडणाऱ्या मशीनचं घड्याळ अडकलं. पोती भरलेली, वेळ शून्य. शून्यानं भागून कॉम्प्युटर म्हणे, तासाला तांदूळ अनंत!

शेठ घाबरला. "रखेंगे कहाँ? गोदाम तो एक ही है!"

*

सीझन संपला. ज्याच्या धानाला क्विंटलमागे सगळ्यात जास्त तांदूळ उतरला, त्याचा सत्कार ठरला. शेठनं प्रज्ञाला न विचारताच यादी काढली आणि माईकवर पहिलं नाव पुकारलं. "सुखराम!"

सुखराम आला. शाल घेतली, नारळ घेतला.

"कौनसा धान लगाया था, भाई?"

"कायचा धान, शेठ? मी तं भुसा न्याले आलो होतो. ट्रॉली रिकामीच होती!"

प्रज्ञा माझ्या कानाशी पुटपुटली, "शून्य धान, शून्य तांदूळ. भागाकाराला आकडाच नाही. काका, जावई वर बसला!"

 शेठनं प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं पर्स खांद्याला लावली.

शेठनं माईक तोंडाजवळ घेतला. "सुना सबने? इसके चावल में एक भी दाना टूटा नहीं निकला!"

टाळ्या पडल्या. प्रज्ञानं पर्स परत खाली ठेवली.